मागचा कागद

लातूरच्या ज्या कोचिंग क्लासच्या ऑफिसात मी संगणकावर बसायला लागले, तिथं पहिल्या दिवशी मला नाव कोणी विचारलं नाही. दाराशी टेबल टाकून बसलेल्या एका गृहस्थांनी माझ्या हातातलं नेमणुकीचं पत्र घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचा मागचा कागद कुठाय?"

"मागचा म्हणजे?"

"ह्यात लिव्हलंय, 'ठरल्याप्रमाणे रुजू व्हावे.' ठरलं कवा? कुणाशी? त्ये ठरल्याचा कागद?"

मी म्हटलं, क्लासचे सर माझ्याशी फोनवर बोलले होते. "फोनवर!" असं म्हणून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी कंधारहून पहाटेच्या एसटीनं आले होते ती तशीच परत जाईन की काय असं वाटायला लागलं. मग त्यांनी तिथल्या तिथं माझ्याकडून एक अर्ज लिहून घेतला, त्यावर आवक क्रमांक टाकला, तो क्रमांक नेमणुकीच्या पत्राच्या डोक्यावर लाल शाईनं चढवला, दोन्ही कागदांना दाभणानं भोक पाडलं, दोरा ओवून गाठ मारली आणि मगच चेहरा सैल केला. "आता तुमी रुजू झालाव. बसा ताई. सुशीला खाता का, मुरमुऱ्याचा? घरून आणलाय."

हे बिरादार मामा. मूळचे उदगीरचे. सगळी सरकारी नोकरी एकाच खुर्चीवर, आवक-जावक कारकून म्हणून झालेली. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा, आणि कुठला कागद कुठल्या कागदाचं उत्तर आहे हे डोक्यावर 'संदर्भ' म्हणून लिहायचं, एवढंच काम. बाकीचे कारकून ह्या खुर्चीला शिक्षा समजतात. मामांना ती गादी वाटायची. निवृत्त झाल्यावर आमच्या सरांनी ओळखीतून त्यांना क्लासच्या ऑफिसात आणून बसवलं, ते येताना स्वतःचं दाभण आणि दोऱ्याचं रीळ घेऊनच आले.

माणूस तसा साधा. अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा, खिशात एक निळं आणि एक लाल पेन. टाचणीचा मात्र त्यांना मनापासून राग. "टाचणी म्हंजे भाड्याचं घर हाय. दोरा म्हंजे सोयरीक," असं ते म्हणायचे. लग्नाची पत्रिका आली की तिला पोस्टकार्डानं उत्तर द्यायचे आणि त्यावर सुद्धा 'संदर्भ : आपली निमंत्रणपत्रिका' असं लिहायचे. मामी एकदा मला सांगत होत्या, "मी जेवताना कायबी बोलले की ह्ये इचारणार, ह्ये कशावरनं निघालं? आता बाईमाणसाचं बोलणं कशावरनं निघतंय, ते तिला तरी ठाऊक असतंय का!"

ही सवय नुसती खोड नव्हती, हे मला पुढं कळलं. किल्लारीचा भूकंप झाला त्यानंतर मामांना पुनर्वसनाच्या कामावर पत्र्याच्या एका शेडमध्ये बसवलं होतं. अर्जांचा ढीग लागलेला. घर पडलं, माणसं गेली, यादीत नाव नाही, नाव आहे पण बापाचं चुकलं. लोक अर्ज द्यायचे, आठ दिवसांनी उत्तर नाही म्हणून पुन्हा नवा अर्ज द्यायचे, आणि नव्या अर्जावर जुन्याचा उल्लेख नसल्यामुळे वर बसलेले साहेब त्याला नवीनच प्रकरण समजून पहिल्यापासून चौकशी लावायचे. एका म्हाताऱ्याचे असे पाच अर्ज पाच टेबलांवर फिरत होते. पाचांवर अक्षर वेगवेगळं, कारण दर वेळी लिहून देणारा वेगळा. मामांच्या लक्षात आलं की पाचही कागद एकाच शाळेच्या वहीतून फाडलेले आहेत. त्यांनी ते जमिनीवर मांडून फाटक्या कडा जुळवल्या. जुळल्या! मग पाचांना दोरा ओवला आणि स्वतः साहेबापुढं नेऊन ठेवला.

"साहेब, ह्यो एकच मानूस हाय. पाच डाव रडलाय."

त्या दिवसापासून मामा प्रत्येक अर्जदाराच्या हातात नंबराची चिठ्ठी द्यायला लागले. पुढच्या कागदावर हा आकडा लिहा, म्हणजे तुमचं बोलणं तुटणार नाही. एका आजीनं तो आकडा हरवू नये म्हणून आपल्या पत्र्याच्या दारावर चुन्यानं मोठ्ठा लिहून ठेवला. पोस्टमन त्यालाच घर नंबर समजून पत्रं टाकू लागला, आणि शेजारणी विचारायला लागल्या की आमच्या दाराला नंबर कधी मिळणार! हे सांगताना मामा इतके हसायचे की डोळे पुसायला लागायचे. ते नुसतं हसण्याचं पाणी नव्हतं, हे मी विचारलं नाही तरी कळत होतं.

तर अशा माणसाच्या ऑफिसात ईमेल आला. लातुरात तेव्हा क्लासची धूम होती. गल्लीगल्लीत पाट्या, घराघरात खोल्या भाड्यानं दिलेल्या, उदगीर, देवणी, कंधार, नांदेडकडची पोरं पाठीवर दप्तरं टाकून सकाळी सहाला रस्त्यावर. आमच्या सरांनी नांदेडलाही शाखा काढली आणि जाहीर केलं की आता सगळा पत्रव्यवहार ईमेलवर. मामांनी संगणकाकडे पाठ फिरवली. "त्याला आवक नंबर पडत न्हाई. नंबर न्हाई त्यो कागद न्हाई."

मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "मामा, नंबर असतो. दिसत नाही इतकंच." आणि एक मेल उघडून तिचा मूळ मजकूर पडद्यावर आणला, म्हणजे लखोट्याच्या आतल्या बाजूला यंत्रानं यंत्रासाठी लिहिलेल्या ओळी. त्यात एका ओळीत त्या मेलचा स्वतःचा नंबर होता, अक्षरं नि आकडे मिळून बोटभर लांब, जगात दुसऱ्या कुठल्या मेलला नसलेला. त्याखाली दुसरी ओळ, 'इन-रिप्लाय-टू', म्हणजे ही मेल ज्या मेलचं उत्तर आहे तिचा नंबर. आणि तिसरी, 'रेफरन्सेस', म्हणजे त्या मेलच्या आधीची, तिच्याही आधीची, असे पार पहिल्या पत्रापर्यंतचे सगळे नंबर ओळीनं. आपण उत्तराचं बटण दाबलं की हे नंबर आपोआप चढतात, आणि त्यांच्यावरून संगणक एका बोलण्यातली सगळी पत्रं एकाखाली एक लावतो.

मामा खुर्ची ओढून पडद्याच्या इतके जवळ आले की चष्म्याची काडी काचेला लागली.

"म्हंजे ह्येनं संदर्भ टाकलाय."

"हो."

"अन् तिसऱ्या वळीत समदी वंशावळ."

"हो मामा."

"आन् कुनी सांगितल्याबिगर?" त्यांनी संगणकाच्या पेटीवर हात ठेवला. "ताई, ह्याच्या आत आवक-जावकचा कुनीतरी बसलाय बगा."

त्या दिवसापासून मामा ईमेलचे झाले. दर मेलचा मूळ मजकूर मला उघडायला लावायचे, नंबर आपल्या लांब वहीत उतरवून घ्यायचे. मी सांगून थकले की हे सगळं यंत्र स्वतः ठेवतं. "ठिवू द्या की. दोघं ठिवू," म्हणायचे.

आणि लवकरच त्यांना कळलं की यंत्र कितीही शहाणं असलं तरी बटण दाबणारी माणसं आपलीच आहेत. देवणीचे एक पालक होते. त्यांना आमचा पत्ता टाइप करता येत नसे, म्हणून आमची एक जुनी मेल उघडायची आणि तिलाच उत्तर ठोकायचं. ती जुनी मेल होती दिवाळीच्या सुट्टीची. पोराला ताप आला, मेसच्या वरणात पाणीच जास्त, फिजिक्सचे मार्क कमी का, पोरगं फोन का उचलत नाही, असं अकरा महिन्यांचं सगळं बोलणं 'दिवाळीची सुट्टी' ह्या एकाच गठ्ठ्यात पडलं, कारण नंबर तोच! मामा वहीत एकेक वेगळं करत बसायचे आणि पुटपुटायचे, "ह्येंच्या घरी बारा म्हैने दिवाळी हाय."

नांदेडच्या शाखेतले कदम सर ह्याच्या अगदी उलट. ते उत्तराचं बटण कधी दाबायचेच नाहीत. दर वेळी कोरी मेल आणि विषय एकच, 'महत्त्वाचे'. आत एक शब्द. एका शुक्रवारी आम्ही त्यांना दोन मेली पाठवल्या. एकीत विचारलं, रविवारी सकाळी सराव परीक्षा घ्यायची का? दुसरीत, रविवारी वर्गांना ऑइल पेंट मारायला माणसं पाठवायची का? कदम सरांचं उत्तर आलं, 'महत्त्वाचे : चालेल.'

मामा म्हणाले, काय चालेल ते विचारा. आमचे सर म्हणाले, अहो मामा, चालेल म्हणजे चालेल. रविवारी सकाळी नांदेडला पोरंही आली आणि रंगारीही. रंगाऱ्यांनी उजाडताच येऊन निम्मे बाक हिरवे रंगवून ठेवले होते. परीक्षा घेतलीच पाहिजे म्हणून कदमांनी त्यांच्यावर वर्तमानपत्रं अंथरली. तीन तासांनी पोरं उठली ती मागं हिरवी होऊन, आणि त्या हिरव्यावर कालच्या बातम्या उमटलेल्या. सोमवारी पालक पँटी हातात घेऊन शाखेच्या दारात.

मामांनी कदमांना लातूरला बोलावून घेतलं. कदम सर वयानं तिशीतले, गणिताचे चांगले शिक्षक, पण मामांपुढं पोरासारखे उभे. "मामा, मी विषय लिहिला होता ना, महत्त्वाचे म्हणून?"

"विषय माणसाला दिसतोय, यंत्राला नंबर लागतोय. विषय बदला न्हाईतर ऱ्हाऊ द्या, पोटातला नंबर खोटं बोलत न्हाई. इथं या. ह्या उत्तराच्या बाणावर बोट ठिवा. दाबा. आता लिव्हा 'चालेल'. पुन्यांदा दाबा. धा डाव करा." कदमांनी दहा वेळा 'चालेल' लिहिलं. मी तोंडावर रुमाल धरून बसले होते.

ह्या सगळ्या गमतीच्या खाली मामांचं एक दुखणं होतं, आणि ते माझ्याच टेबलावरून गेलं, म्हणून मला ठाऊक आहे.

त्यांना एकुलता एक मुलगा, प्रकाश. त्याला रेडिओ, तारा, सोल्डरिंग ह्याचंच वेड. पण लातुरात राहून मुलगा डॉक्टर होणार नाही म्हणजे काय? मामांनी त्याला बारावीनंतर दोन वर्षं मेडिकलसाठी पुन्हा पुन्हा क्लासला बसवलं. तो नको म्हणत होता. शेवटी एक दिवस तो परीक्षेलाच गेला नाही आणि घर सोडून बंगळूरला निघून गेला. तिथं शिकता शिकता काम करत संगणकाच्या कंपनीत लागला. भांडण असं झालं नाही. फक्त त्या दोन वर्षांबद्दल बापलेक एक अक्षर बोलले नाहीत.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मामांनी माझ्यासमोर एक लिहिलेला कागद ठेवला आणि म्हणाले, "ह्येवढं पोराला पाठवायचंय. टाइप करा. मी बाहेर हाय."

मी टाइप केलं. अजून पाठ आहे. 'चि. प्रकाश यास, अनेक आशीर्वाद. विषय : बारावीनंतरच्या दोन वर्षांबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, तुझी इच्छा नसताना तुला दोन वर्षे क्लासला बसविले. तू तसे तोंडी सांगितले होतेस. सदर म्हणण्याची मी दखल घेतली नाही. सबब चूक माझी आहे. तरी यावर आपले म्हणणे कळवावे, ही विनंती.'

माणसाला दुसरी भाषाच येत नव्हती. मला हसू फुटलं, आणि मग मी तो कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला. पाठवून झाल्यावर मामा आत आले, त्या मेलचा नंबर मला दोनदा वाचायला लावला आणि वहीच्या एका स्वतंत्र पानावर लिहिला. उत्तराचा रकाना कोरा ठेवला.

प्रकाशच्या मेली येत राहिल्या. खोली बदलली. आईच्या गोळ्या संपल्या का? इथं पाऊस आहे. दर वेळी मामा यायचे आणि विचारायचे, "इन-रिप्लाय-टू हाय का?" मी मूळ मजकूर उघडायची. ती ओळच नसायची. प्रकाश दर वेळी नवीच मेल लिहायचा.

"म्हंजे खत हाय. जवाब न्हाई," मामा म्हणायचे आणि ते पत्र छापून मामींना वाचून दाखवायला घरी घेऊन जायचे.

प्रकाशचं लग्न झालं. पंगतीत बापलेक शेजारी बसले, एकमेकांना वाढा वाढा म्हणाले, पण त्या पत्राचं नाव कोणी काढलं नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, स्मरणपत्र पाठवायचं का?" त्यांनी मान हलवली. "ताई, आपल्या चुकीच्या कबुलीला स्मरणपत्र धाडत न्हाईत. त्याचं त्यानं बगावं."

पण ह्याचा त्रास आमच्या सरांना व्हायचा. प्रवेशाच्या दिवसांत बाप मुलाला घेऊन दारातून आत आला की पहिलं टेबल मामांचं. मामा फॉर्म द्यायच्या आधी बापाला विचारायचे, "पोराला इचारलाव का?" बाप म्हणायचा, त्याला काय विचारायचं? मग मामा पोराकडे वळायचे. "काय रे? तुला काय वाटतंय? बोल. मी लिहून घेतो." दोन पोरं तिथंच रडली आणि एक बाप पोराला घेऊन फॉर्म न भरता परत गेला. सर कपाळाला हात लावून म्हणाले, "मामा, तुम्ही नक्की आमच्याकडं आहात का समोरच्या क्लासकडं?"

"मी आवकला हाय, सर. जे येतंय त्ये नोंदवतो."

त्यांना काढून टाकावं असं सरांच्या दहादा मनात आलं असेल. काढलं नाही, हा सरांचा मोठेपणा म्हणायला पाहिजे.

ते पत्र जाऊन तीन वर्षं झाली. माझी बदली नांदेडच्या शाखेत झाली होती, कदम सरांच्या हाताखाली, आणि तो माझा लातूरमधला शेवटचा दिवस होता. सकाळी मेल उघडली तर प्रकाशची एक मेल. वेगळीच, एकटी. विषय, 'बातमी'. आत इतकंच होतं, 'मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. आईला घेऊन या.'

मी ओरडलेच. मामा दारातून धावत आले, तीन वाक्यं तीनदा वाचली, पेढे आणायला शिपायाला हाक मारली, आणि मग सवयीनं, जरा ओशाळून म्हणाले, "नंबर बगता का?"

मी मूळ मजकूर उघडला. ह्या वेळी ओळ होती. मला वाटलं परवाच्या एखाद्या मेलची असेल. मामांनी वही काढली, ते पान काढलं. "वाचा," म्हणाले. मी एकेक अक्षर, एकेक आकडा वाचत गेले आणि ते पट्टी ठेवून बोटानं जुळवत गेले. शेवटचं अक्षरही जुळलं. विषय त्यानं बदलला होता म्हणून पडद्यावर ती एकटी दिसत होती, खालचा जुना मजकूरही पुसून टाकला होता. पण ती मेल तीन वर्षांपूर्वीच्या त्याच पत्राचं उत्तर होती.

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव! मला उगाच वाटलं, माणसाला खोटी आशा नको. मी म्हटलं, "मामा, कधी कधी लोक पत्ता शोधायला जुनीच मेल उघडतात आणि त्यावरच..."

"ठाऊक हाय मला. देवणीवाल्याचं अकरा म्हैने मीच निवडत होतो की." पट्टी त्यांनी उचलली नव्हती. "पण ताई, त्या बाणावर बोट ठिवायच्या आधी पत्र उघडावं तर लागतंय ना?"

"लागतं, मामा."

"समोर दिसतंय का त्ये? समदं लिव्हलेलं?"

"सगळं दिसतं."

"लेक झाल्याच्या दिवशी उघडलंय त्यानं." एवढं बोलून मामांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं डोळे पुसले. लपवले नाहीत. मीही पुसले.

मग मी कीबोर्ड पुढं ओढला आणि विचारलं, काय लिहू? मामा म्हणाले, "तुमी उठा." मी उठले. ते माझ्या खुर्चीवर बसले, माऊस हातात घेतला आणि उत्तराच्या बाणावर स्वतः दाबलं. कोरी चौकट उघडली. त्यांनी हात मागं घेतले आणि तिच्याकडे बघत राहिले.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. बाहेर पेढे आले, सरांनी खाल्ले, पोरांनी खाल्ले, कोणीतरी मामांना हाक मारली तर मी त्याला गप्प केलं. दुपारी माझी नांदेडची गाडी होती. जाताना मी काचेतून पाहिलं. मामा एका बोटानं अक्षर शोधत होते, सापडलं की दाबत होते, मागं सरकून वाचत होते आणि पुसून पुन्हा शोधत होते. मी त्यांना न सांगताच निघाले. त्या मेलपेटीचा पासवर्ड पुढं कितीतरी दिवस माझ्याकडे होता, पण त्यांनी काय लिहिलं ते मी बघितलं नाही.